चुलीवरून गॅसवर येताना: सिलिंडर लावणं, शेगडी चालवणं आणि बिघाड ओळखणं

विदर्भातल्या खेड्यात गॅस आला म्हणून चूल जात नाही. अंघोळीचं पाणी तापवायला आणि पाहुण्यांच्या मोठ्या गंजातल्या भाजीला पऱ्हाटी-तुराट्याच परवडतात, रोडग्यांना तर गोवऱ्याच लागतात. त्यात वावगं काही नाही. अडचण सवयीची आहे. चुलीजवळ वाढलेला माणूस धोका धुरावरून ओळखतो. धूर डोळ्यांना दिसतो, झोंबतो आणि वर जाऊन कवेलूंतून निघून जातो. गॅसचं नेमकं उलटं आहे. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला की दिसत नाही आणि वरही जात नाही. सांडलेल्या पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, उतार धरतो, खोलगट जागेत साचतो. आपली चूल, देवाजवळचा दिवा, मच्छर अगरबत्ती हे सगळंही जमिनीलगतच असतं. हवेत जेमतेम दोन टक्के गॅस मिसळला तरी तो ठिणगीनं पेटू शकतो. पुढच्या बहुतेक सूचना या एकाच गोष्टीतून निघतात, त्यामुळे ती घरातल्या प्रत्येकाला, लहान पोरांनाही, समजावून सांगा.

जागा आधी, जोडणी नंतर

शेगडी नेहमी सिलिंडरच्या डोक्यापेक्षा उंच हवी. साधारण अडीच फूट उंचीचा विटांचा ओटा आणि वर फरशी एवढं पुरतं. शेगडी जमिनीवर ठेवून सिलिंडर शेजारी उभा करणं ही खेड्यातली सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. त्यात जाळ आणि गळतीची जागा दोन्ही खाली, एकाच पातळीत येतात. बसून स्वयंपाक करायची सवय मोडायला आठवडा-दोन आठवडे जड जातात, पण ती मोडावीच लागते. ओटा बांधणं लगेच जमत नसेल तर भक्कम टेबल चालेल. लाकडी असेल तर वर फरशीचा तुकडा किंवा पत्रा टाका.

सिलिंडर सपाट जमिनीवर, उभा आणि हवा खेळेल अशा जागी ठेवावा. ओट्याखाली दार लावलेल्या कपाटात नको आणि खड्डा करून तर मुळीच नको. स्वयंपाकघराला खिडकी असली तरी गॅस बाहेर जायला वाट खाली लागते, म्हणून दाराखाली फट राहू द्या किंवा भिंतीत जमिनीलगत जाळी बसवा. उंदीर येतात म्हणून ही वाट बुजवू नका, बारीक जाळी लावा.

टिनाच्या छपराखालचं स्वयंपाकघर मे महिन्यात भट्टी होतं. सिलिंडर पूर्ण भरलेला नसतो, गॅस फुगायला आत जागा सोडलेली असते. तरी उन्हात तापलेल्या पत्र्याच्या भिंतीला तो टेकवून ठेवू नका, आणि घरी आणल्यावर अंगणात उन्हात पडू देऊ नका.

चूल आणि गॅस एकाच खोलीत असतील तर दोघांत खोलीभर अंतर ठेवा. त्यातल्या त्यात गॅस दाराच्या बाजूला आणि चूल आतल्या बाजूला असं नको. गॅस गळाला तर बाहेर पडायची वाट त्याच्याजवळूनच जाते. चूल सपरीत किंवा मागच्या अंगणात नेता आली तर फारच उत्तम.

कापसाबद्दल वेगळं सांगावं लागतं. वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवला जातो, कधीकधी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. गॅस असलेल्या खोलीत कापूस, पऱ्हाटीचा भारा, फवारणीची औषधं किंवा पेट्रोलची कॅन ठेवू नका. कापसाला लागलेली आग वरून विझली असं वाटतं आणि ढिगाच्या आत तासन् तास धुमसत राहते.

सिलिंडर ताब्यात घेताना

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, साधारण १५ ते १६ किलोच्या आसपास. समजा त्यावर १५.४ लिहिलंय, तर भरलेला सिलिंडर २९.६ किलो भरायला हवा. कास्तकाराच्या घरी वेचणीचा कापूस तोलायचा काटा असतोच, त्यालाच सिलिंडर टांगा. पुढेही गॅस किती उरलाय हे याच हिशोबानं कळतं. काटा नसेल तर ओलं फडकं सिलिंडरला वरपासून खालपर्यंत पुसा. रिकामा भाग लवकर सुकतो, पातळ गॅस असलेला भाग उशिरा. ती रेघ म्हणजे उरलेला गॅस.

सील शाबूत आहे का ते पहा. मग वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे शोधा. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत असते. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर, डी म्हणजे डिसेंबरअखेर, आणि आकडे वर्षाचे. ‘सी २८’ असेल तर सप्टेंबर २०२८ पर्यंत. मुदत उलटलेला सिलिंडर परत करा, त्यात संकोचायचं कारण नाही.

सर्वांत महत्त्वाची तपासणी मात्र फार कमी लोक करतात. सील काढून टोपण उचललं की व्हॉल्व्हच्या भोकात डोकावून पहा, बॅटरीच्या उजेडात. आत कडेला काळी रबरी रिंग दिसली पाहिजे, गोल, अखंड आणि नीट बसलेली. रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह यांच्यातला सांधा हीच रिंग बंद करते. ती चिरलेली, दबलेली किंवा गायब असेल तर रेग्युलेटर कितीही नवा असला तरी गॅस गळणारच. नवा सिलिंडर लावल्यावर पहिल्या तासात येणाऱ्या वासामागे बहुतेक वेळा हीच असते. रिंग खराब दिसली तर टोपण परत लावा आणि आणून देणाऱ्याकडून बदलून घ्या. जुन्या सिलिंडरची रिंग काढून इकडे बसवू नका. भोकात काडी, खिळा, पिन काहीही घालू नका, आतली पिन दबली तर गॅस सुटतो.

रेग्युलेटर बसवणं

सिलिंडर बदलायच्या आधी चूल, दिवा, उदबत्ती सगळं विझवा. नुसती ज्वाला गेली म्हणून भागत नाही, चुलीतल्या निखाऱ्यावर पाणी मारा. दार-खिडकी उघडा. हे काम शक्यतो दिवसा करा. रात्री गॅस संपला आणि लाइनही नसेल तर चिमणी किंवा मेणबत्ती धरून बदलायचा नाही. बॅटरी आधीच लावून घ्या, किंवा सकाळपर्यंत थांबा.

१. शेगडीचे सगळे नॉब बंद करा. रेग्युलेटरचा नॉब ‘ऑफ’वर आणा.

२. जुन्या सिलिंडरवरून रेग्युलेटर काढायला त्याच्या खालची काळी कडी वर ओढा आणि रेग्युलेटर सरळ उचला. निघत नसेल तर नॉब पूर्ण बंद नाही, जोर लावू नका. रिकाम्या सिलिंडरवरही लगेच टोपण बसवा, त्यात थोडा गॅस उरलेलाच असतो.

३. नव्या सिलिंडरचं टोपण जरासं खाली दाबा, त्याचा दोरा बाहेरच्या बाजूला ओढा आणि दोऱ्याला धरूनच टोपण उचला. दोरा तोडू नका. हे टोपण सिलिंडरला बांधलेलंच राहू द्या, गळतीच्या वेळी तेच कामाला येतं.

४. रिंग पहा. वास घ्या. कान लावून सूं असा आवाज येतो का ते ऐका.

५. काळी कडी वर धरून रेग्युलेटर व्हॉल्व्हवर सरळ ठेवा, किंचित डावी-उजवीकडे फिरवत खाली दाबा आणि कडी सोडा. ‘कट्’ असा आवाज येतो. मग हलक्या हातानं वर ओढून पहा, निघता कामा नये.

६. नॉब ‘ऑन’ करा आणि शेगडी पेटवायच्या आधी साबणाची तपासणी करा. वाटीभर पाण्यात चमचाभर कपडे धुण्याची पावडर घोळा. हा फेस रेग्युलेटरच्या बुडाशी, नळीच्या दोन्ही टोकांना आणि शेगडीच्या नॉबच्या मुळाशी लावा. बुडबुडा वाढत जात असेल तर तिथे गळती आहे. काडी ओढून गळती पाहणारे अजूनही दिसतात. गळती सापडते खरी, पण जाळाच्या रूपात.

नळी नारिंगी रंगाची, आत तार गुंफलेली, ज्याला सुरक्षा नळी म्हणतात तीच घ्या. धान्य भरलेल्या घरात उंदीर असतातच, आणि साधी रबरी नळी त्यांना एका रात्रीत कुरतडता येते. लांबी दीड मीटरपर्यंत पुरे. ती भिंतीतून आरपार नेऊ नका, शेगडीच्या मागून तापलेल्या भागाला घासून जाऊ देऊ नका आणि दोन तुकडे जोडून तर कधीच वापरू नका. टोक चढत नसेल तर कोमट पाण्यात बुडवून मऊ करा, तेल लावू नका. तेलानं ती सहज चढते आणि तितकीच सहज निसटते.

पेटवणं आणि वापरणं

काडी वापरत असाल तर आधी काडी ओढायची, मग नॉब उघडायचा. हा क्रम उलटा झाला की भपका होतो आणि भुवया जळतात. लायटर असेल तर तो बर्नरजवळ धरून मग नॉब उघडा. दोन-तीन खटक्यांत पेटलं नाही तर नॉब बंद करा, मिनिटभर थांबा, पदरानं किंवा सुपानं हवा करा आणि पुन्हा प्रयत्न करा. उघडा नॉब ठेवून लायटर शोधायला जाऊ नका.

आपल्याकडच्या साध्या शेगडीत, ज्वाला विझली तर गॅस आपोआप बंद होण्याची सोय बहुधा नसते. ज्वाला दोन कारणांनी हमखास विझते. एक, दूध उतू जाणं. दुसरं, कूलरचा झोत. उन्हाळ्यात शेजारच्या खोलीतला कूलर स्वयंपाकघराकडे तोंड करून असला की मंद ठेवलेला बर्नर केव्हा विझला हे कळतही नाही, आणि कूलरच्या आवाजात गॅसचा आवाज ऐकू येत नाही. मंद आचेवर काही ठेवून शेतात, विहिरीवर किंवा शेजारी जायचं नाही. नायलॉनचा पदर किंवा ओढणी खोचून घ्या. चुलीजवळ जाळ समोर असतो, ओट्यावर तो पोटाच्या उंचीला येतो, हा फरक पहिल्या महिन्यात लक्षात राहत नाही.

भरताचं वांगं आणि पापड गॅसवर भाजायला हरकत नाही, पण थेट बर्नरवर ठेवू नका. लोखंडी जाळी घ्या. वांग्याला तेल लावलंत तर ते थेंब थेंब गळून भडका घेतं, आणि फुटलेल्या वांग्याचा गर बर्नरच्या भोकांत जाऊन सुकतो. वांग्याला दोन-तीन चिरा द्या म्हणजे ते फुटणार नाही, तेल भाजून झाल्यावर लावा, आणि शेगडी गार झाली की बर्नर पुसा.

काम संपलं की आधी रेग्युलेटर बंद करा, ज्वाला आपोआप विझू द्या, मग शेगडीचा नॉब. म्हणजे नळीत गॅस उरत नाही. रात्री आणि गावाला जाताना हे न चुकता.

लग्नकार्याची मोठी भट्टी घरगुती सिलिंडरवर लावू नका. घरगुती रेग्युलेटर सिलिंडरमधला मोठा दाब ३० मिलिबारच्या आसपास आणतो. भट्टीला जास्त दाब लागतो, म्हणून लोक रेग्युलेटर बदलतात आणि घरगुती नळीवर भलताच ताण येतो. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं नियमातही बसत नाही, त्यासाठी १९ किलोचा निळा सिलिंडर असतो. मोठ्यातून छोट्या टाकीत गॅस उलटवून घेणं तर बेकायदेशीरही आहे आणि जीवघेणंही.

बिघाड ओळखणं

ज्वाला निळी, स्थिर आणि कमी आवाजाची असावी. भाकर थापताना पीठ उडून मधूनच नारिंगी ठिणग्या दिसतात, तो बिघाड नव्हे. भांडं उतरवून रिकामा बर्नर पहा. ज्वाला सतत पिवळी, लांब, हलती असेल आणि गंजाच्या बुडाला काजळी धरत असेल तर गॅसला हवा कमी पडतेय. म्हणजे गॅस जास्त जळतोय, भांडी काळी होताहेत आणि बंद खोलीत विषारी धूरही तयार होतोय.

कारण बहुतेक वेळा बर्नरच्या नळीत असतं. बर्नर उचला आणि त्याची खालची पोकळ नळी उजेडाकडे धरून पहा. कोळ्याचं जाळं, झुरळाची अंडी, पावसाळ्यात मातीचं घर करणाऱ्या माशीचा गोळा, यातलं काहीतरी निघतं. आठवडाभर न वापरलेल्या शेगडीत हे हमखास होतं. नळीतून सुती फडकं ओढून काढा. वरच्या चकतीची भोकं बारीक सुईनं मोकळी करा, गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवा, घासा आणि पूर्ण सुकू द्या. ओला बर्नर लावला तर ज्वाला उड्या मारते, आणि लोक उगाच मिस्त्री बोलावतात. चकती बसवताना ती डुगडुगत नाही ना ते पहा.

बर्नरखाली पितळी जेट असतो, त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. याला हात लावायचा मोह टाळा. पिन घालून ते रुंद झालं की गॅस जास्त येतो, ज्वाला कायमची पिवळी होते आणि बर्नर कितीही घासला तरी फरक पडत नाही. जेट तुंबला असेल तर मिस्त्रीकडूनच साफ किंवा बदलून घ्या.

ज्वाला बर्नरपासून उचलून फडफडत असेल तर हवा जास्त झालीय. बर्नरच्या नळीच्या तोंडाशी हवेची फिरणारी चकती असेल तर ती थोडी बंद करा. ‘फट्’ आवाज होऊन जाळ बर्नरखाली नळीतच लागला तर लगेच नॉब बंद करा आणि बर्नर गार होऊ द्या. बर्नरची वरची चकती वाकडी बसली असेल, भोकं झिजून मोठी झाली असतील किंवा ज्वाला फारच बारीक केली असेल तर असं होतं.

ज्वाला दोन्ही बर्नरवर कमी असेल तर आधी नळी कुठे दुमडली का ते पहा, मग सिलिंडर तोला. एकाच बर्नरवर कमी असेल तर दोष त्या बर्नरचा किंवा जेटचा. हिवाळ्यात पहाटे, गॅस संपत आलेला असताना, ज्वाला लहान होते, कारण थंडीत पातळ गॅसची वाफ कमी होते. म्हणून सिलिंडर आडवा करू नका आणि उकळत्या पाण्यात किंवा चुलीजवळही ठेवू नका. आडव्या सिलिंडरमधून पातळ गॅस थेट रेग्युलेटरमध्ये येतो आणि ज्वाला अचानक हातभर होते.

नॉब जड फिरत असेल तर आतलं ग्रीस सुकलंय. खोबरेल तेल किंवा रॉकेल टाकू नका, त्यानं दोन दिवस सैल होतो आणि मग गळतो.

वास आला तर

एलपीजीला स्वतःचा वास नसतो. कळावं म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. म्हणून वास हलका असो की जोराचा, तो गळतीचाच समजायचा.

विजेचं एकही बटण दाबू नका. चालू कूलर चालूच राहू द्या, बंद पंखा बंदच. बटणाची ठिणगी दोन्ही वेळी पडते. जळतं असेल ते विझवा, शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, पोरं-म्हाताऱ्यांना बाहेर काढा. केरसुणीनं किंवा ओल्या पोत्यानं जमिनीलगतची हवा दाराकडे ढकला. रेग्युलेटर बंद करूनही गळत असेल तर तो काढून टोपण दाबून बसवा आणि सिलिंडर उभाच धरून मोकळ्या अंगणात न्या. विहीर, नाली, संडासाचा खड्डा किंवा ढोरांच्या कोठ्याजवळ ठेवू नका, गॅस तिथे उतरून साचतो. मग घरापासून दूर जाऊन १९०६ वर फोन करा. ही गॅसगळतीची मदतवाहिनी २४ तास चालते.

रेग्युलेटरजवळ जाळ लागलाच आणि तो अजून छोटा असेल, तर जाड पोतं किंवा गोधडी पाण्यात बुडवून, पिळून, सिलिंडरच्या डोक्यावर टाका आणि तिच्याखालून नॉब बंद करा. जाळ मोठा असेल किंवा सिलिंडर चोहोबाजूंनी तापला असेल तर काहीही वाचवायला थांबू नका. सगळ्यांना घेऊन दूर पळा आणि शेजाऱ्यांनाही बाहेर काढा.

अंगावरचे कपडे पेटले तर पळायचं नाही. जमिनीवर लोळायचं किंवा गोधडीत गुंडाळायचं. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याची धार धरा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका, फोड फोडू नका. चेहरा, हात किंवा अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

नळीवर तारीख छापलेली असते. ती पाच वर्षांनी बदला, चिरा दिसल्या तर त्याआधीही. साबणाची तपासणी दर सिलिंडरला आणि बर्नर धुणं महिन्यातून एकदा करा. एजन्सीकडून दर पाच वर्षांनी होणारी जोडणीची तपासणी टाळू नका. तपासायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र आधी पहा, आणि त्याच्यासमोर रेग्युलेटर, नळी व शेगडीचे नॉब तिन्ही फेस लावून दाखवायला सांगा.